यकृताला वळसा घालणारं रक्त

कुत्र्याच्या यकृतातल्या रक्तवाहिन्यांचा दोष रक्ताच्या चाचणीवरून हेरता येतो, हे आज पशुवैद्यकाचा कुठलाही विद्यार्थी सांगेल. उपाशीपोटी एकदा आणि खाऊ घातल्यावर दोन तासांनी पुन्हा एकदा रक्त घ्यायचं, त्यातली पित्ताम्लं मोजायची, सोय असेल तर अमोनिया बघायचा, आणि शंका उरलीच तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करायचा. या क्रमात आता नवल वाटावं असं काही नाही. नवल आहे ते त्यामागच्या तारखांत. यकृताला वळसा घालून रक्त वाहू लागलं तर काय होतं, हे वैद्यकाला पहिल्यांदा कुत्र्यांनीच दाखवलं, तेही 1893 मध्ये. त्यामागे अमोनिया असावा याचा माग पुढच्या दोन-तीन वर्षांतच लागला. पण हाच दोष जन्मतः घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या कामी हे ज्ञान यायला 1970 चं दशक उजाडावं लागलं. मधली ऐंशी वर्षं कुठे गेली? रसायनशास्त्र तोकडं पडलं, असं उत्तर सहसा दिलं जातं. ते पूर्ण खरं नाही. त्या सगळ्या काळात कुत्रा हे प्रयोगाचं साधन होतं, रुग्ण नव्हता. त्याच्या स्वतःच्या दुखण्याबद्दल कुणी विचारलंच नाही, म्हणून त्याच्यासाठी चाचणीही तयार झाली नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी दोष समजून घेऊ. जठर, आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंड यांच्यातून निघणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात शिरतं. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या वाटेनं येतं. गावात येणाऱ्या प्रत्येक गाडीनं जकातनाक्यावर थांबून माल दाखवावा, तसं आतड्यातून शोषलेलं सगळं काही यकृतापुढून जातं. अमोनियाचा युरिया होतो, पित्ताम्लं परत गोळा होतात, औषधं आणि जंतूंची विषं निवळतात. काही पिल्लांमध्ये मात्र पोर्टल व्हेनपासून थेट हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत उतरणारी एक आडवाट जन्मतःच उघडी असते. तिला शंट म्हणतात. मोठ्या जातींत ती बहुधा यकृताच्या आत असते. गर्भात असताना सर्वच पिल्लांना असलेली आणि जन्मानंतर थोड्या दिवसांत मिटणारी वाहिनी कधीकधी मिटतच नाही. लहान जातींत ती यकृताच्या बाहेर असते. असं पिल्लू वाढीला मागे राहतं. जेवणानंतर ते गुंगतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, गोल गोल फिरतं, लाळ गाळतं, आणि दुखणं वाढलं तर त्याला झटके येतात.

ही आडवाट माणसानं पहिल्यांदा मुद्दाम तयार केली ती सेंट पीटर्सबर्गमध्ये. निकोलाय एक हा अठ्ठावीस वर्षांचा रशियन शल्यवैद्य पोटात पाणी साठणाऱ्या रुग्णांवर उपाय शोधत होता. पोर्टल व्हेनमधला दाब कमी करण्यासाठी ती खालच्या महाशिरेला जोडून द्यावी, अशी त्याची कल्पना होती. 1877 मध्ये त्यानं आठ कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया केली. सात कुत्री आठवड्याभरात मेली. आठवं अडीच महिने जगलं आणि मग प्रयोगशाळेतून पळून गेलं. या एवढ्या पुराव्यावर एकनं लिहिलं, की पोर्टल व्हेनचं रक्त यकृताबाहेरून वळवलं तरी जिवाला अपाय होत नाही. त्या एका कुत्र्याचं पुढे काय झालं, त्याचं वजन घटलं का, मांस खाल्ल्यावर ते गुंगलं का, हे पाहायला कुणी उरलंच नाही. एकचा प्रश्न माणसाच्या पोटातल्या पाण्याचा होता. त्या प्रश्नापुरतं त्याचं उत्तर त्याला पुरेसं वाटलं, आणि कुत्र्याच्या पुढच्या आयुष्यात काय घडेल हे त्या उत्तरात बसतच नव्हतं.

सोळा वर्षांनी त्याच शहरातल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत इव्हान पावलॉव्ह यांनी हीच शस्त्रक्रिया चिकाटीनं आणि कितीतरी अधिक सफाईनं केली. त्यांच्यासोबत हान आणि मासेन होते, आणि मार्सेली नेन्स्की हे पोलिश रसायनतज्ज्ञ होते. सुमारे साठ कुत्र्यांवर शस्त्रक्रिया झाली. त्यातली एक तृतीयांश कुत्री टिकली. 1893 च्या त्यांच्या निबंधातलं या कुत्र्यांचं वर्णन आजही वाचताना आत कुठेतरी लागतं. दूध-पावावर असलेलं कुत्रं बरं दिसे. त्याला मांस दिलं, की काही वेळानं ते हट्टी आणि चिडकं होई, मागचे पाय लटपटत, चाल अडखळे, डोळ्यांना दिसेनासं होई, मग झटके आणि बेशुद्धी. काही कुत्री पुढे मांसाला तोंड लावेनाशी झाली. आज ज्याला आपण यकृतजन्य मेंदूविकार म्हणतो त्याचं हे पहिलं नीट केलेलं निरीक्षण. शंट असलेल्या पिल्लाच्या मालकाला डॉक्टर आज जे विचारतात, की जेवणानंतर त्रास वाढतो का, मांसाहारानं वाढतो का, त्याचं मूळ या पानांत आहे.

नेन्स्की यांना विष कोणतं ते हवं होतं. प्रथम त्यांनी कार्बामिक आम्लावर बोट ठेवलं, कारण ते निरोगी कुत्र्याच्या शिरेत टोचलं की अशीच लक्षणं दिसत. पण लवकरच, 1895-96 मध्ये, नेन्स्की, पावलॉव्ह आणि झालेस्की यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या रक्तातला अमोनिया मोजला. पोर्टल व्हेनच्या रक्तात तो धमनीतल्या रक्ताच्या कित्येक पट निघाला. आतड्यातून आलेला अमोनिया यकृत काढून घेतं, ही गोष्ट आकड्यांनी उभी राहिली. यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या दोषाची पहिली रक्तखूण म्हणायची तर ती ही. एकोणिसावं शतक संपायच्या आत लक्षणं, त्यांचं आहाराशी असलेलं नातं आणि रक्तातली खूण, या तिन्ही गोष्टी हाताशी आलेल्या होत्या. आणि तिन्ही मिळाल्या होत्या कुत्र्याच्याच शरीरात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. त्या काळी अमोनिया मोजणं दवाखान्याच्या आवाक्यातलं नव्हतं. बरंच रक्त घेऊन ते निर्वातात ऊर्ध्वपातित करावं लागे. शिवाय 1920 च्या दशकात याकुब पार्नास यांनी दाखवून दिलं, की शरीराबाहेर काढलेल्या रक्तात अमोनिया आपोआप तयार होत राहतो. ताज्या रक्तात तो फारच थोडा असतो आणि नळीत वेळ जाईल तसा वाढतो. म्हणजे जुने आकडे फुगलेले होते. अशा डळमळीत पदार्थावर निदान कोण सोपवणार? आक्षेप मान्य करूनही पुढचा इतिहास पाहिला की तो अपुरा पडतो. 1945 मध्ये न्यू यॉर्कमध्ये अ‍ॅलन व्हिपल यांनी पोर्टल व्हेनचं रक्त वळवण्याची शस्त्रक्रिया माणसांवर रुजवली. रुग्णांना गुंगी आणि भ्रम होऊ लागले, तेव्हा डॉक्टरांना पावलॉव्हची कुत्री आठवली. 1954 मध्ये लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांनी या विकाराचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं, आणि त्या दशकात माणसांच्या वॉर्डात अमोनिया मोजला जाऊ लागला. पदार्थ तोच होता, रक्त नळीत तितकंच लवकर बिघडत होतं. तरी माणसासाठी चाचणी उभी राहिली, कारण खाटेवर पडलेल्या माणसाला काय झालंय हे कुणाला तरी जाणून घ्यायचं होतं. कुत्र्याच्या बाबतीत हीच गोष्ट घडायला आणखी वीस वर्षं लागली.

मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमधलं काम याचा आणखी ठळक पुरावा आहे. फ्रँक मान यांनी तिथे 1920 च्या दशकात कुत्र्याचं यकृत पूर्ण काढून टाकण्याची रीत बसवली. त्यातून कळलं की यकृताविना रक्तातली साखर कोसळते, आणि 1924 मध्ये बोलमन, मान आणि मागाथ यांनी दाखवलं की युरिया तयार होणंच थांबतं. शंट असलेल्या कुत्र्याच्या रक्तात युरिया कमी का सापडतो, याचा खुलासा त्यात आयता होता. पुढे 1949 मध्ये मान यांच्याच नावासह एक निबंध आला, एका कुत्र्याच्या शिरांमधल्या जन्मजात विकृतीबद्दल. तो शरीररचनेच्या नियतकालिकात छापला गेला. कुत्र्याच्या यकृतावर जगात सर्वाधिक काम केलेला माणूस निसर्गानंच केलेल्या आडवाटेसमोर उभा होता, तरी त्यातून कुत्र्यांच्या उपचाराची वाट निघाली नाही. यात मान यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्यांच्या संस्थेचं काम माणसांचे आजार हे होतं. कमतरता होती ती पलीकडच्या बाजूला: पशुवैद्यक तोवर घोडे, गुरं आणि त्यांचे साथीचे रोग यांत गुंतलेलं होतं, आणि घरातल्या कुत्र्याच्या पोटातल्या शिरेसाठी महिनोन् महिने खपावं असं त्याला वाटायला घरातल्या कुत्र्याचं स्थानच आधी बदलावं लागलं.

दुसरा आक्षेप असा, की आजार विरळ होता, म्हणून कुणी शोधला नाही. अमेरिकी विद्यापीठांच्या पशुरुग्णालयांतल्या 1980 ते 2002 या काळातल्या 2,400 जन्मजात शंटच्या नोंदींचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्व कुत्र्यांत प्रमाण 0.18 टक्के निघालं, म्हणजे विरळच. पण यॉर्कशायर टेरिअरमध्ये हा दोष इतरांच्या सुमारे 36 पट आढळला. ज्या घरांत ही जात आहे, ज्या पैदासकाराकडे तिची पिल्लं विकायला आहेत, त्यांच्यासाठी आजार विरळ नव्हता. तो फक्त वेगळ्या नावांनी दडलेला होता. अशी पिल्लं फेफऱ्याची ठरवली गेली असतील, मंद ठरवली गेली असतील, मुतखड्यासाठी कापली गेली असतील. कारण शंट असलेल्या कुत्र्यांच्या लघवीत अमोनियम युरेटचे स्फटिक आणि खडे होतात. विरळपणा हा अनेकदा न शोधण्याचा परिणाम असतो, कारण नव्हे.

1974 साल या इतिहासात म्हणूनच मोठं आहे. त्या वर्षी स्वीडनमध्ये तीन कुत्र्यांच्या जन्मजात शंटचं वर्णन आलं, आणि अमेरिकेत यूइंग, सूटर व बेली यांनी पोर्टल व्हेनच्या जन्मजात विकृतीमुळे यकृत निकामी झालेल्या कुत्र्यांवर लिहिलं. पावलॉव्हनं वर्णन केलेली लटपट आणि अंधत्व आता दवाखान्यात आणलेल्या, नाव असलेल्या कुत्र्यांमध्ये ओळखू येऊ लागलं. त्याच दशकात, 1978 मध्ये, अमोनिया सहनक्षमतेची चाचणी आली. कुत्र्याला ठरावीक मात्रेत अमोनियम क्लोराइड पाजायचं आणि अर्ध्या तासानं रक्तातला अमोनिया बघायचा. निरोगी यकृत तो भार सहज पेलतं. शंट असलेल्या कुत्र्यात आकडा उसळतो. पण आधीच गुंगलेल्या जनावराला आणखी अमोनिया पाजण्यातला धोका उघड होता, आणि नमुन्याची अडचण होतीच. रक्त काढल्या क्षणी नळी बर्फात रोवायची, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये प्लाझ्मा लगेच वेगळा करायचा, शक्यतो अर्ध्या तासात यंत्रावर चढवायचा. ही तारेवरची कसरत विद्यापीठाच्या रुग्णालयात जमे. गल्लीतल्या एकट्या डॉक्टरला, ज्याची प्रयोगशाळा दुसऱ्या गावी आहे, ती जमणं शक्य नव्हतं.

म्हणून पित्ताम्लांची, म्हणजे बाइल अ‍ॅसिडची, चाचणी मला या सगळ्या कथेतला सर्वात माणुसकीचा टप्पा वाटते. यकृत पित्ताम्लं बनवतं, ती पित्ताशयात साठतात, जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावलं की आतड्यात उतरतात, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषली जातात आणि पोर्टल व्हेनमधून यकृताकडे येतात. निरोगी यकृत त्यातली बहुतेक पहिल्याच फेरीत टिपून घेतं. आडवाट असेल तर ती सरळ सगळ्या शरीरात पसरतात. म्हणजे इथे बाहेरून काही पाजायची गरज नाही. कुत्र्याचं नेहमीचं जेवण हीच चाचणी. कॉर्नेल विद्यापीठात शॅरन सेंटर यांनी 1985 मध्ये कुत्र्यांतल्या पित्ताम्लांवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं, आणि 1991 मध्ये बारा तासांच्या उपासानंतरच्या आणि जेवणानंतर दोन तासांच्या नमुन्यांचा निकष पक्का केला. पित्ताम्लं सीरममध्ये टिकतात. नमुना टपालानं पाठवता येतो. पित्ताम्लं अमोनियाहून अधिक अचूक होती म्हणून जिंकली असं नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी 2006 मध्ये दोन्हींची तुलना केली तेव्हा शंट ओळखण्यात उपाशीपोटीचा अमोनियाच सरस ठरला. 2010 मधल्या दुसऱ्या तुलनेत पित्ताम्लांनी अधिक शंट पकडले, पण खोटे इशारेही जास्त दिले. पित्त अडलं तरी पित्ताम्लं वाढतात, हा त्यांचा कायमचा उणेपणा आहे. तरीही त्यांनी निदान विद्यापीठाच्या आवारातून बाहेर काढून साध्या दवाखान्यापर्यंत पोचवलं.

चाचणी हाती आली आणि कुत्र्यांचा विचार कुत्रा म्हणून होऊ लागला, तसे नवे पेच उभे राहिले. ऑस्ट्रेलियात 1995 मध्ये माल्टीज जातीच्या कुत्र्यांत रक्तवाहिन्यांचा कसलाही दोष नसताना जेवणानंतरची पित्ताम्लं चढलेली सापडली. त्या जातीत पित्ताम्लांच्या आकड्यावर विसंबलं तर निरोगी कुत्र्यावर शंटचा शिक्का बसतो. उलट आयरिश वुल्फहाउंडची पिल्लं. या जातीत यकृताच्या आतला शंट आनुवंशिक असल्यानं नेदरलँड्समध्ये पिल्लं विकण्याआधी त्यांचा अमोनिया तपासण्याची पद्धत पडली. 1996 मध्ये उट्रेख्तच्या मंडळींनी दाखवलं, की काही निरोगी पिल्लांतही या वयात अमोनिया तात्पुरता वाढलेला असतो, आणि काही महिन्यांत तो आपोआप उतरतो. कारण त्यांच्या शिरांत नसून युरिया बनवण्याच्या साखळीतल्या कच्च्या दुव्यात होतं. सहा आठवड्यांच्या पिल्लाला एका आकड्यावरून नाकारणं, कदाचित मारून टाकणं, किती सहज घडलं असतं याचा विचार केला की या शोधाचं मोल कळतं. प्रयोगशाळेतल्या बेवारस कुत्र्यांवर शंभर वर्षं काम करूनही हे कळलं नसतं. प्रयोगात कुत्रा हा एकच एक प्राणी धरला जाई. जात, वय आणि घराणं यांना महत्त्व आलं ते कुत्रा रुग्ण झाल्यावर.

त्यानंतरचा गुंता बारीक शिरांचा. 1990 च्या दशकात केर्न टेरिअरसारख्या जातींत एक असा दोष वर्णिला गेला, ज्यात मोठी आडवाट नसते, पण यकृताच्या आतल्या सूक्ष्म वाहिन्यांमध्येच रक्त वळसा घेतं. पित्ताम्लं इथेही वाढतात. अशा बहुतेक कुत्र्यांना त्रास होत नाही आणि शस्त्रक्रियेनं जोडण्या-तोडण्यासारखं काही नसतं. मग शस्त्रक्रिया लागणारं कुत्रं आणि न लागणारं कुत्रं वेगळं कसं काढायचं? सेंटर यांच्याच गटानं 2006 मध्ये प्रोटीन सी या रक्त गोठण्याच्या यंत्रणेतल्या प्रथिनाकडे लक्ष वेधलं. ते यकृतात बनतं, आणि यकृताला पोर्टल व्हेनचं रक्त नीट मिळत नसेल तर कमी पडतं. 70 टक्क्यांच्या खालची पातळी मोठ्या शंटकडे बोट दाखवते. सूक्ष्म वाहिन्यांच्या दोषात ती बहुधा त्याच्या वर राहते. यामागचं तर्कशास्त्र समजायला पुन्हा प्रयोगातल्या कुत्र्यांचेच उपकार आठवावे लागतात. थॉमस स्टार्झल यांनी 1960 च्या दशकापासून दाखवलं होतं, की पोर्टल व्हेनच्या रक्तातून येणारं इन्शुलिन यकृताला पोसतं, आणि ते रक्त वळवलं की यकृत सुकतं. शंटच्या कुत्र्याचं यकृत लहान का असतं, आणि यकृताच्या पेशी मरत नसल्यामुळे एएलटीसारखी नेहमीची एन्झाइम्स फारशी का वाढत नाहीत, हे त्यातून उलगडतं.

एवढं झाल्यावर कुणी म्हणेल, की सीटी स्कॅनमध्ये शंट डोळ्यांनी दिसतो, मग रक्तखुणांची उठाठेव कशाला. स्कॅन रचना दाखवतो, आणि शस्त्रवैद्याला ती लागतेच. पण कोणत्या कुत्र्याला भूल देऊन स्कॅनखाली न्यायचं हे रक्त ठरवतं, आणि शस्त्रक्रियेनंतर यकृत सावरतंय का हेही स्कॅन पूर्ण सांगू शकत नाही. 1996 पासून शंटभोवती ओलावा शोषून हळूहळू फुगणारी केसिनची कडी बसवण्याची पद्धत रूढ झाली. शीर काही आठवड्यांत मिटत जाते. ती खरंच मिटली का, की दाब वाढून नव्या आडवाटा फुटल्या, हा निगराणीचा खरा प्रश्न. पित्ताम्लं इथे गोंधळात टाकतात, कारण हसत-खेळत वाढणाऱ्या कुत्र्यांतही ती पुष्कळदा चढलेलीच राहतात. यकृत सावरत असेल तर प्रोटीन सी वर येतं, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड उतरतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात या दुसऱ्या खुणेवर शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीसाठी काम झालं आहे. एडिनबराच्या गटानं शंटच्या कुत्र्यांच्या रक्तात मँगनीज वाढलेलं दाखवलं. यातली कुठलीही खूण एकटी पुरत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधीच त्या कुत्र्याचं रक्त घेऊन आकडे नोंदवून ठेवावेत, आणि नंतर तुलना पुस्तकातल्या सरासरीशी न करता त्याच कुत्र्याच्या आधीच्या आकड्यांशी करावी. प्रोटीन सीसाठी मात्र रक्त सायट्रेटच्या नळीत घ्यावं लागतं, प्लाझ्मा वेगळा करून गोठवावा लागतो आणि तसाच गोठलेला प्रयोगशाळेपर्यंत न्यावा लागतो. ही तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा जगात थोड्याच आहेत, आणि त्यांच्यापासून दूर असलेल्या डॉक्टरला आजही उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची पित्ताम्लं, वजनाचा तक्ता आणि लघवीतले स्फटिक यांवरच कुत्र्याची निगराणी करावी लागते.